लाल टिकलीवाला स्पीकर

अरुणाबाईंनी महाप्याच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं स्पीकर नापास करायचं काम केलं. म्हणजे पासही त्याच करायच्या, पण पास केलेल्याची आठवण कोण ठेवतो? नाव झालं ते नापास करण्याचं. मोरीएवढी खोली, आतून चारी भिंतींना स्पंज, दार लावलं की स्वतःच्या आवंढ्याचाही आवाज यावा. समोर स्पीकर ठेवायचा, बटण दाबायचं. मग त्यातून एक सूर निघायचा, विहिरीच्या तळाशी कोणी कण्हावं तसा खालून सुरू व्हायचा आणि चढत चढत शिट्टीपर्यंत जायचा. आठ सेकंदांचा खेळ. तेवढ्यात कुठे खर्र झालं, कुठे तार फडफडली, की अरुणाबाई स्पीकर पालथा घालून त्याच्या चुंबकावर लाल गोल स्टिकर चिकटवायच्या. लाइनवरच्या बायका त्या स्टिकरला टिकली म्हणायच्या. ‘आज किती जणांना टिकली लावलीस गं?’ असं जेवणाच्या सुट्टीत विचारायच्या आणि खिदळायच्या. पुढे साहेबांनी एक मशीन आणलं. ते स्पीकरच्या आवाजाची रेघ काढून दाखवायचं. तरी रेघेचं आणि बाईचं पटलं नाही तर साहेब आधी बाईकडे बघायचे.

असे कान घेऊन संसार करणं काही सोपं नाही बरं का. वाशीच्या दुकानात मिक्सर घ्यायला गेल्या की तीन मिक्सर रिकामे फिरवून बघणार आणि चौथ्याला ‘याची बेअरिंग बरी आहे’ म्हणणार. एपीएमसीत कलिंगडं घ्यायची तर आळीतल्या बायका यांना पुढे घालून नेत, कारण यांनी टिचकी मारून उचललेलं कलिंगड कधी पांढरं निघालं नाही. घरात पंख्याचा एक स्क्रू ढिला झाला तर बाकीच्यांना तो पडल्यावर कळायचा, यांना आदल्या आठवड्यात.

आणि अशा या बाईच्या घरात, कोपरखैरणे गावातल्या त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर, बावीस वर्षं जो स्पीकर वाजत होता त्याच्या पाठीवर लाल टिकली होती. खुद्द अरुणाबाईंनीच लावलेली.

त्याचं असं झालं. एकदा स्पीकरच्या तोंडाशी जो आवाजाबरोबर थरथरणारा कागद असतो, त्या कागदांचा अख्खा लॉटच कडक आला. खर्र नाही, फडफड नाही, पण माणसाचा बोलायचा जो आवाज असतो, तेवढाच नको इतका पुढे यायचा. गाणारी बाई लांब उभी राहून गायची ती थेट तोंडाशी येऊन बोलल्यासारखी. मशीनच्या रेघेवर जिथे सपाट हवं तिथे कुकरच्या झाकणासारखा उंचवटा. अरुणाबाईंनी सगळ्या लॉटला टिकल्या लावल्या. माल भंगारात निघाला, तेव्हा साहेबांकडून गेटपास घेऊन त्यातला एक स्पीकर त्या घरी घेऊन आल्या. देवजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, त्याला बॉक्स केला. पूर्वी यांची खाडीलगत शेती होती. तिच्या बांधावर भरतीचं पाणी अडवायला लाकडी झडप असायची. जमीन गेली, झडप घरात राहिली होती. तिच्याच फळ्या. जड इतका की दोघांनी उचलावा.

देवजी तुर्भ्याला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. एकतीस वर्षं पत्रा कापणाऱ्या मशीनपुढे उभे. धाड, धाड, धाड. निवृत्त झाले तेव्हा फंड मिळाला, शाल मिळाली, आणि कानातले अर्धे शब्द कारखान्यातच राहिले. बहिरे नव्हेत हं. दाराची बेल ऐकू येते, कुत्रा ऐकू येतो, खालून कोणी हाक मारली तर आवाज येतो. शब्द येत नाही. साखर मागितली की भाकर घेऊन येतात. वाशीच्या डॉक्टरने कानाचं मशीन दिलं, ते चष्म्याच्या ड्रॉवरमध्ये झोपलंय. ‘कानात मुंगी फिरतेय असा वाटतं,’ म्हणाले, आणि मग खरं कारण सांगितलं, ‘मी काय बहिरा हाय काय?’ त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. चारचौघांत देवजी हसून मान डोलवतात आणि निभावून नेतात. हे फक्त बायकोला माहीत. बायकोने कोणाला सांगितलेलं नाही, पोटच्या पोरालाही नाही.

पण संध्याकाळी सहा वाजता, चहाच्या वेळी, देवजी त्या टिकलीवाल्या बॉक्ससमोर बसायचे आणि त्यांना शब्द न् शब्द कळायचा. रोज एकच रेकॉर्डिंग. त्यांच्या स्वतःच्या लग्नातले धवले. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीन बसते, प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, आणि गाण्यात ती घरच्यांची नावं गुंफत जाते. देवजींच्या लग्नात त्यांची सख्खी आत्या सगुणा धवलारीन होती. कोणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. पुढे कॅसेट झिजली, तेव्हा मुलाने ते सगळं पेनड्राइव्हवर घेऊन दिलं.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक चूक आहे. देवजींचा थोरला भाऊ चांगदेव, त्याचं लग्न दोन दिवस आधी त्याच मांडवात लागलं होतं. त्याच्या बायकोचं नाव कमळी. सगुणाआत्याच्या जिभेवर तेच बसलेलं. देवजींच्या वेळी तिने छान गळा काढला आणि गायली, ‘मांडवान आली गो, देवजीची कमळी.’ मागे बायका फिसकन हसलेल्या ऐकू येतात. आत्या पक्की. सूर न सोडता पुढच्या ओळीत म्हणते, ‘चुकला गो बायांनो, अरुना गो अरुना.’

ही ओळ आली की देवजी दर वेळी चहाचा कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, ‘सगुनाआत्या कदी खोटा बोलली नाय. माझा लगीन कमळीशीच लागलाय. तुझ्याशी मी उगाच नांदतोय.’

आणि अरुणाबाई म्हणायच्या, ‘मग जा की चांगदेवभावजींकडे मागायला.’

विनोद काही मोठा नव्हे, हे मलाही कळतं. पण संसारात मोठे विनोद होतात कुठे? एक बरासा सापडला की तो जन्मभर पुरवायचा असतो.

यंदा पाडव्याला त्यांच्या मुलाने, प्रणयने, हॉल नवा केला. पोरगा गुणी. महाप्यालाच आयटीत आहे, आई जिथे डबा घेऊन जायची त्याच रस्त्यावर हा काचेच्या बिल्डिंगीत बसतो. नवं टीव्ही युनिट आलं, भिंतीला करडा रंग आला, आणि टीव्हीच्या दोन बाजूंना छातीइतके उंच दोन काळे स्पीकर आले. लग्नातल्या करवल्यांसारखे नटून उभे. प्रणयचा ऑफिसातला दोस्त विपुल, त्याला या सगळ्याचं वेड, त्याने निवडून दिलेले. विपुलने त्यांची रेघही फोनवर दाखवली. सपाट. टेबल पुसून घ्यावं तशी सपाट. जुना बॉक्स गच्चीवर टाकीच्या आडोशाला गेला, वर प्लास्टिक.

पहिल्याच दिवशी प्रणयने गाणं लावलं. सून रुतिका म्हणाली, काय क्लॅरिटी आहे. शेजारचे येऊन म्हणाले, थिएटरच झालं की. अरुणाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

गाणारी बाई एका जागी उभीच नव्हती. ती साऱ्या हॉलभर पातळ होऊन पसरली होती, आणि ढोलकीच्या पोटातला दम कोणी काढून घेतला होता. अरुणाबाईंना दुसऱ्या सेकंदाला कळलं. एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्यात. एकाचा कागद पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. कारखान्यात नवीन पोरी पहिल्या आठवड्यात हीच चूक करायच्या. पण प्रणयचा चेहरा इतका फुलला होता की त्यांनी तोंडाला कुलूप लावलं आणि पोळी तव्यावर टाकली. सांगू कधीतरी, म्हणाल्या मनाशी.

ते सांगायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात दुसरंच काही सुरू झालं.

संध्याकाळी सहाला रुतिकाने कौतुकाने धवले लावले, नव्या स्पीकरवर. देवजी नव्या सोफ्यावर बसले. सगुणाआत्या गायला लागली. ‘मांडवान आली गो, देवजीची कमळी.’ देवजींनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला नाही. ओळ गेली, बायका हसल्या, आत्याने चूक सुधारली, आणि देवजी आपले भिंतीकडे बघत मान डोलवत राहिले. अरुणाबाईंना वाटलं, नव्या सोफ्याचं अवघडलेपण असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी देवजींनी स्वतः आवाज वाढवला. आतून रुतिका म्हणाली, ‘बाबा, थोडं कमी, माझा ऑफिसचा कॉल चालूय.’ आवाज वाढला होता, शब्द नव्हे. चौथ्या दिवशी अरुणाबाई ओळ यायच्या आधी त्यांच्या तोंडाकडेच बघत बसल्या. काही नाही.

‘कसं वाटतंय?’ त्यांनी विचारलं.

‘छान हाय,’ देवजी म्हणाले. ‘लय मोठा आवाज.’

त्या आठवड्यानंतर देवजी पावणेसहाला चपला घालून गावच्या तलावावर जाऊन बसायला लागले. ‘पाय मोकळे करतो जरा.’ चहा पिऊनच जायचे. घरात कोणाला काही वाटलं नाही. उलट प्रणय म्हणाला, बाबा आजकाल वॉक करतात, बरंय. तीस वर्षांच्या वर एका विनोदावर चाललेला संसार, आणि त्या विनोदाला आता घरात जागा उरली नव्हती. बरं, सांगणार कोणाला आणि काय? तुझ्या बापाला शब्द कळत नाहीत, असं म्हटलं की सगळे त्या ड्रॉवरमधल्या मशीनवर येणार, आणि देवजी एकदा दुखावले की तलावावरून परत यायलाही उशीर करणार.

मग शनिवारी सकाळी नाश्त्याला प्रणय म्हणाला, ‘उद्या भंगारवाला येतोय. गच्चीवरचं सगळं देऊन टाकू. तो बॉक्सपण.’

‘बॉक्स जाणार नाही,’ अरुणाबाई म्हणाल्या.

‘आई, फॉल्टी आहे तो. विपुल नवे जोडायला आला त्या दिवशी ऐकूनच म्हणाला, आवाज ओरडतो.’

‘ओरडतोच.’

‘मग? तूच आयुष्यभर असले स्पीकर रिजेक्ट केलेस ना?’

‘केले. आज समोर आला तर आजही करीन.’ अरुणाबाईंनी उपम्याचं पातेलं आदळल्यासारखं खाली ठेवलं. ‘दुकानात जाणारा माल सरळच हवा. तो कोणाच्या घरी जाणार, कोण ऐकणार, कारखान्याला माहीत नसतं. म्हणून टिकली. इथे कोण ऐकतं ते मला माहीत आहे.’

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे काही नाही. बॉक्स खाली आण.’

‘आई, लॉजिक तरी सांग.’

लॉजिक सांगता आलं असतं तर भांडण कशाला झालं असतं? शेजारच्याच खुर्चीवर देवजी उपमा खात होते, आणि कोणीतरी काहीतरी बोलतंय म्हणून हसऱ्या तोंडाने मान डोलवत होते. अरुणाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं. नवऱ्यावर नाही, पोरावरही नाही. त्या सपाट रेघेवर. चोवीस वर्षं जिच्यासाठी कान झिजवले त्या रेघेवर.

‘विपुलला बोलव उद्या,’ त्या म्हणाल्या. ‘त्याचं ते मोजायचं यंत्र घेऊन ये म्हणावं. भंगारवाला यायच्या आधी. दोन्ही स्पीकर लावायचे, सगळ्यांनी बसून ऐकायचं, आणि मी सांगेन कोणता भंगारात जाईल ते.’

‘तू सांगणार?’

‘मग कोण? चोवीस वर्षं दुसरं काय केलं मी?’

रविवारी अकराला विपुल आला. पोरगा सभ्य, नमस्कार केला, काकू म्हणाला, पाणी प्यायला. मग पिशवीतून पेन्सिलीएवढा माइक काढून स्टँडवर लावला आणि लॅपटॉप उघडला. बॉक्स गच्चीवरून आणताना प्रणयची कंबर धरली होती, त्यामुळे तो आधीच कावलेला. देवजींना अरुणाबाईंनी सोफ्याच्या मधोमध बसवलं. ‘कुठे जायचं नाही,’ म्हणाल्या, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश. देवजींनी चपला परत कोपऱ्यात ठेवल्या.

विपुलने जुन्या बॉक्समधून तो सूर सोडला. खालून वर चढणारा, शिट्टीपर्यंत. अरुणाबाईंनी इतक्या वर्षांनी तो ऐकला आणि त्यांचा उजवा हात आपोआप स्टिकरची गुंडाळी शोधायला गेला.

लॅपटॉपवर रेघ उमटली. तोच कुकरच्या झाकणाचा उंचवटा. ‘हे बघा काकू,’ विपुल हळूच म्हणाला, जणू आजारी माणसाचा रिपोर्ट वाचतोय, ‘हा उंचवटा, इथे केवढा पीक आहे. हा स्पीकर कंपनीतून बाहेर पडायलाच नको होता.’ त्याने टॉर्च मारून मागच्या फटीतून आत पाहिलं. ‘हे काय, याला तर रिजेक्टचा स्टिकर आहे.’

‘आहे ना. मीच लावलाय.’

विपुलने टॉर्च विझवला. अरुणाबाई पुढे म्हणाल्या, ‘आता तुझे मोज. पण दोन्ही एकत्र लावून मोज. एकेक नको.’

‘एकेकच मोजतात, काकू.’

‘ऐकतात मात्र दोन्ही.’

त्याने दोन्ही लावले. सूर खालून निघाला आणि खालच्या खालीच बुडाला. लॅपटॉपवरची रेघ डाव्या बाजूला, खालच्या सुरांपाशी, अशी खचली, खाडीत बांध फुटल्यासारखी. विपुलने माइक बघितला, केबल बघितली, परत लावलं. परत तेच.

‘उजव्याच्या तारा उलट्या आहेत,’ अरुणाबाई म्हणाल्या. ‘पाडव्यापासून.’

विपुल स्पीकरच्या मागे वाकला. त्याने तारा सरळ करून घेतल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ‘सॉरी प्रणय. लाल-काळी अदलाबदल झालीय माझ्याकडून.’

‘तू पाडव्यालाच ओळखलंस?’ प्रणयने आईला विचारलं.

‘पोळ्या लाटताना. आता मला एक सांगा. महिना होत आला. तुम्ही क्लॅरिटी म्हणालात, शेजारचे थिएटर म्हणाले, हा विपुल मागच्या रविवारी इथे बसून अख्खा सिनेमा बघून गेला. निम्मा आवाज एकमेकांना खात होता आणि तुमचं काही अडलं का? नाही अडलं. जेवलात, हसलात, सिनेमा बघितलात. मग माझ्याच स्पीकरचा दोष तेवढा डोळ्यांत खुपतो होय?’

रुतिकाने ओढणी तोंडाला लावली. ती हसत होती.

‘पण आता जोडलं ना सरळ,’ प्रणय म्हणाला. ‘आता ऐक. आता फरक कळेल.’

‘लाव,’ अरुणाबाई म्हणाल्या. ‘धवले लाव.’

खरं सांगायचं तर या वेळी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. तारा सरळ झाल्यावर देवजींना कळलं तर? तर उत्तमच, बॉक्स गेला तरी चालेल, त्यांना काय बॉक्सशी संसार करायचा होता? नव्या स्पीकरवर सगुणाआत्या गायला लागली. आणि काय सांगू, सुंदर वाजलं. ढोलकीत दम आला, आत्या दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध येऊन बसली, मागच्या बायकांच्या बांगड्या वाजलेल्या कळल्या. अरुणाबाईंच्या कानांनी मान्य केलं. पास. चोवीस वर्षांत असे फार थोडे हातांखालून गेले होते. ‘मांडवान आली गो, देवजीची कमळी.’

देवजी भिंतीकडे बघत मान डोलवत होते.

ओळ गेली. अरुणाबाईंनी पाच आकडे मोजले. काही नाही. ‘छान हाय,’ देवजी म्हणाले, कारण सगळे आपल्याकडे बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं.

‘बंद कर,’ अरुणाबाई म्हणाल्या. ‘आता माझा लाव. तेच, तिथूनच.’

टिकलीवाला बॉक्स खरखरला, त्याला जुनी सवयच होती, आणि सगुणाआत्या ओरडायला लागली. ओरडायलाच. विपुलने कपाळाला आठी घातली. ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी, बांगड्या नाहीतच, नुसता आत्याचा आवाज अंगावर येऊन बोलल्यासारखा. ‘मांडवान आली गो, देवजीची कमळी.’

देवजींचा कप आज हातात नव्हता. तरी त्यांचा हात खाली गेला, कप ठेवल्यासारखा. ते सोफ्यावर पुढे सरकले.

‘सगुनाआत्या कदी खोटा बोलली नाय,’ देवजी म्हणाले. ‘माझा लगीन कमळीशीच लागलाय. तुझ्याशी मी उगाच नांदतोय.’

प्रणयने बापाकडे बघितलं. हा विनोद त्याने लहानपणापासून ऐकला होता आणि दर वेळी डोळे फिरवले होते. गेला महिनाभर तो घरात झाला नव्हता, आणि झाला नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याने कोपऱ्यातल्या चपलांकडे बघितलं. रोज पावणेसहाला निघणाऱ्या. मग तो आईकडे वळला, आणि काही विचारणार तोच आईने डोळ्यांनीच दटावलं. त्याने तोंड मिटलं. पोरगा गुणी आहे, मी म्हटलं ना.

विपुलही हुशार. त्याने रेघेवरच्या उंचवट्याकडे बघितलं, देवजींकडे बघितलं, आणि अरुणाबाईंजवळ येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाला, ‘काकू, असं असेल तर हाच पीक मी ॲपमधून नव्या स्पीकरला देऊ शकतो. सेटिंग करून.’

‘म्हणजे एवढा मोठा स्पीकर घ्यायचा,’ अरुणाबाईही हळूच म्हणाल्या, ‘आणि बिघडवून माझ्यासारखा करायचा. कशाला रे बाबा? माझा आयता बिघडलेला आहे.’

विपुल हसला. वाईट वाटून न घेता हसला, म्हणून तो त्यांना त्या क्षणी आवडला. मग त्यांनी एक गंमत केली. कपाळाची मरून टिकली काढली, उजव्या काळ्या स्पीकरपाशी गेल्या आणि त्याच्या चकचकीत तोंडावर मधोमध चिकटवली. ‘या घरापुरता नापास,’ म्हणाल्या. ‘सिनेमाला वापरा. सहा वाजता माझा लागेल. आणि माझा टीव्हीशेजारी राहील, गच्चीवर नाही. तुमच्या भिंतीचा रंग गेला खड्ड्यात.’

खालून भंगारवाल्याची हाळी आली. प्रणय गॅलरीत गेला. ‘आज काही नाही,’ असं त्याने सांगितलेलं अरुणाबाईंना ऐकू आलं.

या सगळ्या कुजबुजीतलं देवजींना अक्षर कळलेलं नव्हतं. ते अजून सोफ्यावर पुढे सरकून बसले होते आणि बायकोकडे बघत होते. तिकडे आत्याचा पुढचा धवला सुरू झाला होता. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

‘अरुना,’ ते म्हणाले. ‘आज जबाब नाय?’

अरुणाबाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या आणि कान पुढे केला. पंख्याचा ढिला स्क्रू आठवडाभर आधी ऐकणारा कान.

‘काय म्हणालात? मला ऐकू नाही आलं. परत सांगा.’

देवजींनी परत सांगितलं. जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगतात तसं.